भुजंगानं भरलेला गारवा

कचरूच्या ॲम्बेसिडरमध्ये एसी आहे, हे केदारखेड्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि तो एसी कोणालाही लावून मिळत नाही, हेही माहीत होतं. भर वैशाखात लग्नाचं भाडं असायचं, मागच्या सीटवर वरमाय शालूत उकडून निघालेली असायची, आणि ती बिचारी म्हणायची, "कचरूभाऊ, दाबा ना ते बटन." कचरू समोर बघून म्हणायचा, "बिघडलाय." मग खिडक्या खाली. राजूरपासून जालन्यापर्यंत गरम फुफाटा तोंडावर घ्यायचा आणि उतरताना कचरूच्या नावानं बोटं मोडायची, असा रिवाजच पडला होता.

बिघडला-बिघडला काही नव्हता. गावाला ते कळत होतं. पारावर बसलेले लोक त्याला छळायचे, "कचरू, एसी काय लोणच्यावानी मुरत घातलाय का रे?" कचरूचं डोकं आधीच तापट. तो गाडी तशीच दामटायचा, धुरळा पारावर उडवायचा आणि मनातल्या मनात सगळ्यांची खानदानं काढायचा.

आता माणूस कंजूष होता म्हणाल, तर होताच. पण एसीची गोष्ट कंजुषीची नव्हती. त्या एसीत त्याच्या पोराच्या हातचा गॅस होता.

भुजंग हा कचरूचा एकुलता एक. शाळेत काही त्याचं चित्त लागलं नाही. जालन्याला एका गॅरेजात तो गाड्यांच्या एसीचं काम शिकला. तिथंच त्याच्याबरोबर देवानंद नावाचा पोरगा होता, दोघांचा एका डब्यात जेवणाचा दोस्ताना. भुजंग शिकून तयार झाला आणि पहिलं वेड त्याच्या डोक्यात शिरलं ते बापाच्या गाडीचं. भंगारवाल्याकडून त्यानं मोडीत निघालेल्या गाडीचा एसी आणला. काँप्रेसर आणला, नळ्या आणल्या, जाळ्या आणल्या आणि दारातल्या लिंबाखाली बापाची गाडी उघडून बसला.

कचरूनं थैमान घातलं. "आरं, चांगल्या गाडीचं थोबाड कामून फोडून राह्यला? माझं पोट हाय ते!"

"दादा, तुमी निस्तं बघा," एवढंच पोरगं म्हणायचं आणि पुन्हा बॉनेटात डोकं घालायचं.

शेवटी एका दुपारी त्यानं फटफटीला बांधून गॅसची टाकी आणली. घड्याळासारखी दोन मीटरं लावली, निळी-तांबडी नळी जोडली, गाडी चालू केली. लिंबाखाली अर्धी आळी जमलेली. शेजारची द्वारकाबाई तर लाटणं हातात घेऊनच आली होती. जरा वेळानं भुजंगानं डॅशबोर्डाच्या जाळीपुढं हात धरला आणि त्याचं तोंड असं फुललं की काय सांगावं.

"दादा, हात लावा."

कचरूनं हात लावला. मे महिन्यातली दुपार, लिंबाची पानंसुद्धा गप्प पडलेली, आणि जाळीतून गारेगार वारा. कचरू कौतुक करणाऱ्यातला नव्हे. तो म्हणाला, "हं. लागून राह्यलाय जरा." पण हात काही त्यानं लवकर काढला नाही.

सोनूबाई, भुजंगाची माय, मागच्या सीटवर जाऊन बसली. पदर कानावरून घेतला, मग खांद्यावरून घेतला, मग दोन्ही हात काखेत घातले. "आरं, मला थंडी वाजून राह्यली!" ती म्हणाली आणि अख्खी आळी खदखदून हसली. जन्मात पहिल्यांदा तिला उन्हाळ्यात थंडी वाजली होती. भुजंग पळत जाऊन घरातून चादर घेऊन आला आणि त्यानं ती आईच्या अंगावर घातली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं एसीच्या बटनावर कुंकवाचं बोट टेकवलं. "माय, चावी अशी फिरवायची, अन् मंग हे लाल दाबायचं. दादा घरी नसले तरी तू बसत जाय."

जाता जाता बापालाही त्यानं सांगितलं, "दादा, रोज जरासा लावत जा हां. थंडीतबी लावत जा. बंद ठेवू नका."

"थंडीत?" कचरू खेकसला. "थंडीत कोन लावतंय? डिझेल काय तुझा बाप टाकतो का?"

"हाव, बापच टाकतो ना," भुजंग म्हणाला. पुन्हा सगळे हसले. कचरूलासुद्धा हसू आवरलं नाही.

त्याच वर्षी दिवाळी झाली आणि भुजंग गेला. राजूरकडून जालन्याला जाताना फटफटीला ट्रकनं उडवलं. कचरू तेव्हा शेगावच्या भाड्यावर होता. सोनूबाईला गावातल्यांनी जीपमध्ये घातलं. निरोप आला होता तो एवढाच, की पोरगं जखमी आहे, पाणी मागतंय. म्हणून ती माउली घरातून तांब्या भरून निघाली. जीप खड्ड्यांतून चाललेली आणि ही तांब्यावर तळहात ठेवून बसलेली, पाणी सांडू नये म्हणून. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोराचं तोंडही कोणी तिला नीट बघू दिलं नाही. तांब्या भरलेला गेला तसा भरलेला परत आला. त्या दिवसापासून सोनूबाईच्या तोंडात एकच, "माझं लेकरू तहानलेलं गेलं."

कचरू रडला नाही. त्याला रडता येत नव्हतं, चिडता येत होतं. तो ट्रकवर चिडला, रस्त्यावर चिडला, देवावर चिडला. आणि मग एके दिवशी गाडी पुसताना त्याचा हात एसीच्या जाळीवर थांबला. पोराच्या फटफटीचं भंगार झालं होतं. पोराचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले होते. पण या गाडीत, या नळ्यांत, त्यानं स्वतःच्या हातानं भरलेलं काहीतरी अजून शाबूत होतं. कचरू तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं ठरवलं, हे जपायचं.

आता जपायचं म्हणजे काय? उभी हयात ज्यानं गाडी हाकली, त्याला एकच हिशेब ठाऊक. टाकीत डिझेल आहे, गाडी चालवली की ते जळतं, जितकी चालवाल तितकं कमी होतं. मग गॅसही तसाच की! लावला की संपला. आणि हा संपला तर पुन्हा भरायला भुजंग कुठून आणायचा? म्हणून कचरूनं एसीला हातच लावायचा बंद केला. गिऱ्हाइकाला "बिघडलाय" आणि बायकोला "संपंल."

सोनूबाई पहिल्या उन्हाळ्यात म्हणाली, "आवो, दोन मिनिटं बसू द्या ना. त्याच्याजवळ बसल्यावानी वाटंल."

"संपंल ना गं!"

"बरं," ती म्हणाली.

तिनं चोरून बसू नये म्हणून कचरू गाडीची चावीही लपवून ठेवायला लागला. भाडं झालं की चावी कुठं जाते, कोणाला पत्ता नाही.

वर्षातून एकच दिवस त्यानं मोकळा ठेवला, आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. त्या दिवशी आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. कोरी मातीची घागर, गार पाणी, वर आंबा. वरच्या उन्हात आपलं माणूस तहानलेलं राहू नये, एवढीच त्यातली माया. सोनूबाई भुजंगाच्या नावानं घागर भरायची, निवद दाखवायची आणि मग कचरू गाडी चालू करायचा. ती मागं बसायची, तो पुढं. कुंकवाच्या बोटाचं बटन तो दाबायचा. गार वारा यायचा आणि सोनूबाई पोराशी बोलायची. "जेवला का रं? आज पुरण केलंय. द्वारकामावशीच्या म्हशीला रेडकू झालंय." कचरू आरशातून बघायचा. स्वतः जाळीपुढं हात धरून बसायचा, आणि मग घाईघाईनं बंद करायचा. "बास. पुढल्या वर्षाला राहू दे."

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण पुढं तीच कचरूच्या छातीवर बसली. दुसऱ्या उन्हाळ्यात सोनूबाईला ताप भरला, चांगला मेंदूत चढणारा. जालन्याच्या दवाखान्यातून तो तिला गाडीतून घरी आणत होता. टळटळीत दुपार. काचा खाली, आत आग येतेय. सोनूबाई मागं आडवी पडलेली. राजूरचा घाट नाही काही नाही, सपाट रस्ता, पण संपता संपेना. ती हळूच म्हणाली, "आवो, जरासा लावा ना. लई जळून राह्यलंय." कचरूचा हात बटनापर्यंत गेला. खरंच गेला. आणि परत आला. "घर आलंच बघ," तो म्हणाला. घर अजून लांब होतं. ती बिचारी पुन्हा मागायची नाही, हे त्याला माहीत होतं आणि तिनं मागितलंही नाही.

तिसऱ्या आखितीला गारवा जरा कमी आला. कचरूला वाटलं, ऊनच जास्त आहे. आणि यंदाच्या, चौथ्या आखितीला त्यानं बटन दाबलं आणि जाळीतून निव्वळ गरम वारा आला. त्यानं बंद करून पुन्हा दाबलं. गरम. इंजिनचा वास आणि गरम वारा. मागं सोनूबाई चादर मांडीवर घेऊन बसली होती, हो, तीच चादर. ती म्हणाली, "आज कामून येईना? रुसला का?"

कचरूच्या डोक्यात जाळ झाला. एवढं जपलेलं गेलं कुठं? तो खाली उतरला, दार आपटलं आणि लिंबाखाली उभं राहून, द्वारकाबाई घागरीला कुंकू लावायला आली होती तिच्यासमोर, ओरडला, "तूच चोरून लावलास! मी दुपारचा झोपलो की बसत असशील गाडीत! संपवलास माझा पोरगा!"

"म्या न्हाई लावला," सोनूबाई म्हणाली.

"घे शपथ!"

ती त्याच्याकडं बघत राहिली. "कोनाची घिऊ? ज्याची घ्यायची तो तर गेला."

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. कचरूला तिथंच जमिनीत शिरावंसं वाटायला पाहिजे होतं. पण संताप माणसाला कुठं शुद्धीवर येऊ देतो? तो म्हणाला, "चोरटी कुठली." सोनूबाईनं चादर घडी केली, सीटवर ठेवली आणि घरात गेली. त्यानंतर तिनं भाकरी वाढली, पाणी दिलं, पण नवऱ्याशी शब्द बोलली नाही.

अबोला काही दिवस कचरूनं ताठ्यात काढला. मग त्याचा जीव कासावीस व्हायला लागला. शेवटी गाडी काढून तो जालन्याला गेला. पोराचं गॅरेज ज्या रस्त्याला, तिकडं इतकी वर्षं त्यानं गाडी घातली नव्हती. देवानंदनं आता तिथंच स्वतःचं दुकान टाकलं होतं. कचरूला बघून तो हातातला पाना टाकून उठला. "काका! या ना, बसा. पाणी घ्या." आणि मग त्याची नजर गाडीवर गेली. ती गाडी त्यालाही ओळखीची होती. भुजंगाला ती टाकी फटफटीवर बांधून देणारा तोच.

"गॅस संपलाय," कचरू म्हणाला. "थोडा टाक वरून. पन आतला काढू नको. आतला हाय त्याच्यातच मिसळ."

देवानंदनं बॉनेट उघडलं, बॅटरीचा उजेड पाडला, काँप्रेसरच्या तोंडावर बोट फिरवलं. बोट तेलकट, धुळीनं काळं झालं. "इथून गेलाय काका. शाफ्टाचं रबरी सील वाळलंय. तेल बाहेर आलं म्हंजे गॅसबी बाहेर." त्यानं विचारलं, "एसी किती चालवता?"

"वर्षातून एकदा," कचरू म्हणाला, आणि आवाजात थोडा मानही होता. "आखितीला. बाकी हात लावू देत न्हाई कोनाला. बिलकुल न्हाई. भुजंगाच्या हातचा हाय ना तो. जपून वापरून राह्यलो."

देवानंद फडक्यानं बोट पुसत राहिला, बोट पुसून झालं तरी पुसतच राहिला.

"बोल ना रं."

"काका, गॅस डिझेलवानी जळत न्हाई. तो आतल्या आत फिरतो अन् जिथल्या तिथं येतो. गाडीत एसी लावला की त्याच्यासंगं तेल फिरतं, सील ओलं राह्यतं. बंद ठेवला की सील वाळतं. मंग गॅस हळूहळू निघून जातो."

"म्हंजे?"

देवानंदला खोटं बोलता आलं असतं. कोणीही बोललं असतं. पण तो भुजंगाचा दोस्त होता आणि कचरूनं त्याचा दंड धरला होता. "म्हंजे रोज जरासा लावला असता, तर अजून गार राह्यला असता."

कचरू खाली बसला. दुकानापुढच्या तेलकट जमिनीवरच बसला. रोज जरासा लावत जा हां. थंडीतबी लावत जा. बंद ठेवू नका. पोरानं सांगितलं होतं. सगळ्या आळीसमोर, हसत हसत सांगितलं होतं. आणि आपण काय म्हणालो? डिझेल काय तुझा बाप टाकतो का? कचरूला तापानं फणफणलेली सोनूबाई आठवली, मागच्या सीटवरची. जरासा लावा ना. तेव्हा लावला असता तर तिचाही जीव गार झाला असता आणि पोराचा गारवाही राहिला असता. एकाच बटनाचं काम होतं. बाप म्हणवणाऱ्या मूर्खानं दोघांनाही तहानलेलं ठेवलं.

देवानंदनं मीटर जोडून पाहिलं. काटा जेमतेम हलला. "थोडा हाय अजून आत. पन सील बदलायचं तर सगळा सोडावा लागतो, काका. काँप्रेसर उघडल्याबिगर जमत न्हाई."

गॅस सोडायला त्यानं सवयीनं नळीच्या चावीला हात घातला आणि कचरू एकदम उठून ओरडला, "थांब!"

"काय झालं?"

"तिला येऊ दे." कचरूनं त्याचा हात धरला. "पोरगा गेला तवा ती नव्हती रं जवळ. आता तरी तिला जवळ राहू दे. हा तिच्यासमोर जाऊ दे."

देवानंदनं मीटर सोडवलं. मीटर, पाने, टाकी, सगळं त्यानं ॲम्बेसिडरच्या डिकीत घातलं, दुकानाला कुलूप लावलं आणि कचरूच्या शेजारी बसला. राजूर गेलं, रस्ता तापला होता.

दारात गाडी उभी राहिली. सोनूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. देवानंदला बघून तिनं पदर सावरला. "ये बाबा," ती त्याला म्हणाली. नवऱ्याकडं बघितलं नाही.

कचरू तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. माफी मागायची रीत त्याला कधी जमली नव्हती, म्हणून तो जे आहे ते भडाभडा बोलला. "तुझा काही दोष न्हाई. म्या जपला म्हणून गेला. रोज लावायचा असतो तो. त्यानं सांगितलं व्हतं मला, म्या ऐकलं न्हाई. तू चोरून लावला असता ना, तर अजून राह्यला असता. कामून न्हाई लावलास तू? कामून माझं ऐकलंस?"

सोनूबाईचा हात सुपात थांबला. "चावी तुमी कुठं ठेवता?"

कचरूची नजर घराच्या दाराकडं वळली.

"ज्वारीच्या कनगीत ठेवता. रोज पीठ दळायला ज्वारी कोन काढतं? पहिल्याच वर्षी हाताला लागली. लाल बटन दाबायचं त्यानं मला शिकवलेलं. कैक दुपारी चावी हातात घिऊन बसले मी." ती आता त्याच्याकडं बघत होती. "पन तुमी जपून राह्यले व्हते. तुमाला वाटत व्हतं पोरगा आत हाय. तुमच्याजवळचं एवढंबी काढून घ्यावं का, म्हणलं. म्हणून तशीच ठेवत गेले ज्वारीत."

लिंबाखाली कचरू लहान पोरासारखा रडला. पोराच्या मढ्यावर न आलेलं रडणं आता आलं. सोनूबाई उठली नाही, समजूतही घातली नाही. तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "किती राह्यलाय?"

"थोडा हाय काकू," देवानंद म्हणाला. "काम करायचं तर सोडावा लागंल. काका म्हणले, तुमच्यासमोर."

ती घरात गेली. आखितीची घागर अजून चुलीपाशी होती. तिच्यातलं पाणी तांब्यात घेऊन ती बाहेर आली, एक हात तांब्यावर ठेवून. जीपमधल्या तांब्याची गोष्ट कचरूनं नुसती ऐकलेली, तरी त्यानं तो हात ओळखला.

ज्या जागी गॅस भरला होता त्याच जागी गाडी होती. देवानंदनं बॉनेट उघडलं आणि नळीचं तोंड सोनूबाईच्या तळहातापुढं धरलं. चावी त्यानं अगदी सावकाश सोडली. सुं असा बारीक आवाज आला.

"गार हाय," सोनूबाई म्हणाली. तिचे डोळे मिटले होते. "गार हाय रं माझं लेकरू."

"तूच घे सगळा," कचरू म्हणाला. त्याला तापातली दुपार आठवत होती. पण सोनूबाईनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा ओढून आपल्या तळव्याशेजारी धरला.

"हात लावा," ती म्हणाली.

कचरूनं हात लावला. एवढासा गारवा होता, बोटांच्या टोकाला लागण्यापुरता. आवाज बारीक होत गेला. देवानंदनं मान खाली घातली. द्वारकाबाई कुंपणापाशी येऊन उभी होती, तीही हलली नाही. आणि मग आवाज थांबला. दोघं तसेच हात धरून उभे राहिले, पण नळीतून काही आलं नाही.

सोनूबाईनं तांब्यात बोटं बुडवली आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब सोडले. एक, मग दुसरा. "पी बाबा," ती म्हणाली. "तहानलेला गेल्तास. पी."

एसीच्या नळीत पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. देवानंद आणि भुजंग एकाच दिवशी, एकाच उस्तादाच्या शिव्या खात तो शिकले होते.  देवानंदनं सोनूबाईच्या हातातला तांब्या अलगद घेतला आणि कचरूपुढं धरला.

"काका," तो म्हणाला, "तुमीबी पाजा."